दुर्गंधीकडून जंतूकडे : साथीच्या काळातील बंदिस्त हवेच्या रासायनिक शुद्धीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले असेल किंवा बाळंतीण असेल, तर ऊद, गुग्गुळ, कडुलिंबाचा पाला यांची धुरी देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा शास्त्रीय आधारही जुनाच. सुश्रुतसंहितेत व्रणाने पीडित झालेल्या रुग्णासाठी मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोन वेळा, दहा दिवसपर्यंत द्यावा असे सांगितले आहे. ग्रीक परंपरेतही होमरच्या ‘ओडिसी’चा नायक रक्तपातानंतर आपला महाल गंधकाच्या धुराने शुद्ध करून घेतो. धूर वाईटाला घालवतो ही समजूत अशी दोन्हीकडे आढळते. हे ‘वाईट’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक काळाने निराळे दिले. कोणी त्याला राक्षस म्हटले, कोणी दूषित हवा, तर कोणी जंतू.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी या जुन्या धुरीची जागा आम्लांच्या बाष्पांना दिली. तेव्हापासून साथीच्या काळात बंद खोलीतील हवा रासायनिक बाष्पाने शुद्ध करण्याचा एक सलग इतिहास सुरू होतो. तो सर्वसाधारणपणे उत्तरोत्तर प्रभावी रसायनांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. बाष्प यशस्वी झाले हे कशावरून ठरवले गेले, आणि रोग मुळात त्या हवेत होता काय, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत. मुंबई इलाख्यातील १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत हे दोन्ही प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरते उरले नाहीत. त्यांची किंमत हजारो कुटुंबांना आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत मोजावी लागली.

दिझाँचे चर्च आणि शीअरनेसचे जहाज

फ्रान्समधील दिझाँ शहरात १७७३ च्या हिवाळ्यात जमीन गोठल्यामुळे दफन अशक्य झाले आणि प्रेते एका मोठ्या चर्चच्या तळघरात साठत गेली. दुर्गंधी इतकी वाढली की चर्च बंद ठेवण्याची पाळी आली. व्हिनेगर, धूप असे नेहमीचे उपाय करून पाहिले गेले. त्यांनी घाण वास क्षणभर झाकला, इतकेच. तेव्हा लुई-बर्नार गितों द मोर्व्हो या गृहस्थांचा सल्ला घेण्यात आला. गितों पेशाने वकील आणि आवडीने रसायनशास्त्रज्ञ होते. सडणाऱ्या पदार्थांतून अमोनिया बाहेर पडतो आणि त्याच्याच आधाराने रोगकारक कण हवेत तरंगत राहतात, असा त्यांचा तर्क होता. अमोनिया हा अल्कली, तेव्हा त्यावर आम्लाची वाफ सोडली तर दोहोंचा संयोग होऊन कण खाली बसतील. त्यांनी मिठावर तीव्र गंधकाम्ल ओतले, त्यातून निघालेला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू चर्चभर पसरू दिला आणि दारे बंद केली. दुसऱ्या दिवशी दारे उघडली तेव्हा वास नाहीसा झाला होता. त्याच वर्षी शहरातील तुरुंगात तापाची साथ आली असता हाच उपाय तेथेही योजण्यात आला.

गितों यांचा तर्क त्या काळाच्या दृष्टीने अत्यंत सुसंगत होता, हे मान्य केले पाहिजे. सुगंधाने दुर्गंध झाकणे आणि रासायनिक क्रियेने दुर्गंध नष्ट करणे यांतील भेद त्यांनी प्रथम स्पष्टपणे मांडला. परंतु याच तर्कात पुढील शंभर वर्षांचा एक दोष दडलेला होता. वास हीच रोगाची खूण मानल्यामुळे वास गेला म्हणजे रोगाचे कारण गेले, असे गृहीत धरले गेले. नाक हेच मोजमापाचे साधन ठरले.

इंग्लंडमध्ये याच सुमारास जेम्स कार्मायकल स्मिथ या वैद्याने निराळे बाष्प निवडले. विंचेस्टर येथील स्पॅनिश युद्धकैद्यांमध्ये १७८० मध्ये तुरुंगज्वराची मोठी साथ आली होती. तेथील अनुभवावरून त्यांनी सोऱ्यावर गंधकाम्लाची क्रिया करून निघणाऱ्या वायूचा पुरस्कार केला. शीअरनेस येथे नांगरलेल्या ‘युनियन’ या रुग्णालय-जहाजावर १७९५ मध्ये त्याची मोठी चाचणी घेण्यात आली. जहाजाची झडपे बंद करून, तापवलेल्या वाळूत ठेवलेल्या लहान लहान भांड्यांत हे मिश्रण तयार केले जाई आणि परिचारक ती भांडी रुग्णांच्या खाटांमधून फिरवीत. येथे महत्त्वाचा मुद्दा असा की रुग्ण खोलीतच असत. गितों यांच्या वायूने माणसाला खोकल्याची उबळ येई, त्यामुळे खोली रिकामी करावी लागे. आपला वायू श्वासाबरोबर घेतला तरी अपाय होत नाही, असा स्मिथ यांचा दावा होता. रोगाचे कारण मारणारे पण माणसाच्या फुप्फुसाला न दुखवणारे बाष्प हवे, ही मागणी येथे पहिल्यांदा स्पष्टपणे पुढे आली. पुढे दीडशे वर्षे ती तशीच राहिली.

ब्रिटिश संसदेने १८०२ मध्ये स्मिथ यांना ५,००० पौंडांचे पारितोषिक दिले. त्यावर लगेच वाद उभा राहिला. किडरमिन्स्टर येथील डॉ. जेम्स जॉनस्टन यांनी १७५० च्या दशकातच आम्लाच्या वाफेचा उपाय सुचवला होता, असा त्यांच्या मुलाचा दावा होता. फ्रान्समध्ये अर्थातच गितों यांचा अग्रमान सांगितला गेला. १८०१ मध्ये त्यांचा हवा निर्दोष करण्याच्या साधनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि पुढच्याच वर्षी तो इंग्रजीतही आला. हा शोध कोणाचा, याविषयी दोन्ही देशांत भरपूर लिहिले गेले. मात्र वाफ न दिलेल्या जहाजावर किंवा तुरुंगात साथ किती दिवसांत ओसरली असती, या तुलनेला या वादात फारसे स्थान मिळाले नाही.

मिलबँकचा तुरुंग

लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी असलेला मिलबँकचा तुरुंग हे या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. १८२२ च्या मध्यात तेथील कैद्यांचा आहार कमी करण्यात आला आणि बटाटा जवळजवळ वगळण्यात आला. १८२३ च्या आरंभी कैद्यांमध्ये स्कर्व्ही दिसू लागला आणि पाठोपाठ हगवणीची तीव्र साथ पसरली. पीटर लॅथम आणि पीटर मार्क रॉजे या दोन वैद्यांना पाचारण करण्यात आले. (पुढे इंग्रजी शब्दांच्या अर्थानुसारी कोशामुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते रॉजे हेच.) आहारात सुधारणा झाली, संत्री देण्यात आली, पण हगवण हटली नाही. अखेर तुरुंग रिकामा करून कैद्यांना हलवावे लागले.

रिकाम्या इमारतीचे शुद्धीकरण १८२४ मध्ये मायकेल फॅरेडे यांच्याकडे सोपवण्यात आले. विजेच्या क्षेत्रातील त्यांचे थोर शोध अजून व्हायचे होते. त्या वेळी ते रसायनशास्त्रज्ञ म्हणूनच प्रसिद्ध होते आणि आदल्याच वर्षी त्यांनी क्लोरीनचे द्रवीकरण करून दाखवले होते. सुमारे २० लाख घनफूट हवा आणि १२ लाख चौरस फूट भिंती, फरशा व छते एवढा या कामाचा आवाका होता. त्यांनी मीठ, मँगनीजचे ऑक्साइड आणि पाणी घालून सौम्य केलेले गंधकाम्ल यांपासून क्लोरीन तयार करण्याची पद्धत अवलंबली. एकट्या मिठाचाच खप ७०० पौंड होता. आम्ल आधीच पाण्यात मिसळून थंड केल्यामुळे वायू सावकाश निघे आणि मांडणी करणाऱ्या कामगाराला दार लावून बाहेर पडण्यास वेळ मिळे. फटी बुजवल्या गेल्या, भांडी मजल्यामजल्यावर ठेवली गेली आणि संपूर्ण इमारत हिरवट पिवळ्या वायूने भरून गेली. फॅरेडे यांचा अहवाल कारागिरीचा उत्तम नमुना आहे.

परंतु स्कर्व्ही हा आहारातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा विकार आहे आणि हगवण पाणी, अन्न व अस्वच्छ हात यांच्यामार्फत पसरते. २० लाख घनफूट हवेतील एकाही घनफुटात मिलबँकच्या या दोन आजारांचे मूळ नव्हते. इतके अचूक काम इतक्या चुकीच्या जागी झाल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत. दोष फॅरेडे यांचा नव्हे. रोग दूषित हवेतून येतो हा सिद्धांत त्यांनी मांडला नव्हता. त्यांना इमारत सोपवण्यात आली आणि ती त्यांनी चोख शुद्ध केली.

वासाच्या कसोटीने नेहमी चुकीचीच वाट दाखवली असे मात्र नाही. व्हिएन्नामध्ये १८४७ साली इग्नाझ झेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. हे रसायन निवडण्याचे कारण साधे होते. शवविच्छेदनानंतर हाताला राहणारा प्रेताचा वास साबणाने जात नसे, क्लोरीनच्या पाण्याने जाई. नाकाने येथे योग्य कौल दिला, कारण रोगाचे कारण आणि दुर्गंधी खरोखरच एकाच हातावर होती. हवेत सोडलेला तोच क्लोरीन निरुपयोगी ठरला असता. झेमेलवाइस यांचे वेगळेपण हे की त्यांनी दोन प्रसूतिकक्षांतील मृत्यूंचे आकडे शेजारी शेजारी मांडले.

जंतुशास्त्राची कसोटी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कार्बोलिक आम्ल आणि जळत्या गंधकाचा धूर ही दोन साधने अग्रभागी आली. जोसेफ लिस्टर यांनी १८७१ पासून शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिक आम्लाचा सूक्ष्म फवारा हवेत सोडण्यास आरंभ केला. शल्यचिकित्सकांचे हात त्याने सोलवटत, डोळे चुरचुरत. तरीही तो फवारा आधुनिकतेची खूण बनला.

रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये निर्जंतुकीकरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि या संपूर्ण व्यवहाराचा पाया हलला. काळपुळीच्या जंतूंचे बीजाणू रेशमी धाग्यांवर वाळवून ते निरनिराळ्या रसायनांच्या संपर्कात ठेवायचे आणि नंतर ते वाढतात की नाही हे पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. या कसोटीत नाकाला स्थान नव्हते. कार्बोलिक आम्ल अपेक्षेपेक्षा बरेच दुबळे ठरले. गंधकाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड बीजाणूंपुढे निष्प्रभ असल्याचे त्याच संस्थेतील व्होल्फह्यूगेल यांच्या अभ्यासातून दिसले. पाऱ्याचे क्लोराइड मात्र अत्यल्प प्रमाणातही प्रभावी आढळले. लिस्टर यांनी १८८७ मध्ये फवारा सोडून दिला आणि १८९० मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, हवेतील जंतूंसाठी आपण तो कधी सुचवला याबद्दल खंत व्यक्त केली. त्यांच्या या जाहीर कबुलीचे मोल फवाऱ्याहून अधिक मानावे लागेल.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मात्र नगरपालिकांच्या कोठारांपर्यंत फार हळू पोहोचले. गंधक स्वस्त होते, कोठेही जाळता येत होते, आणि त्याचा धूर सर्वांना दिसत होता. काहीतरी केले जात आहे याची खात्री त्यातून नागरिकांना आणि अधिकाऱ्यांनाही मिळत असे.

मुंबई इलाख्यातील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्याचे. धान्याची कोठारे, अरुंद गल्ल्या आणि कोंदट चाळी असलेला हा बंदरालगतचा भाग होता. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येरसाँ यांनी ओळखला होता. किटासाटो यांचेही काम तेथेच चालू होते. शत्रू कोण हे माहीत झाले होते, तो कोणत्या वाटेने येतो हे नव्हते. या अज्ञानाच्या पोकळीत दूषित हवेचा जुना सिद्धांत नव्या जंतुशास्त्राची भाषा बोलत परत आला. घाणेरडी, अंधारी, कोंडलेली खोली हीच रोगाची जागा. जंतू तिच्या जमिनीत, भिंतीत आणि हवेत. तेव्हा खोलीवरच उपचार करायचे, अशी धोरणाची दिशा ठरली.

गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले. रुग्ण सापडलेल्या घरांत गंधकाचा धूर, पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणाचा मारा, चुन्याची सफेदी हे सर्व उपाय योजले गेले. मातीची जमीन खणून काढली गेली, चिंध्या व अंथरुणे जाळली गेली. खोलीत ऊन आणि वारा यावा म्हणून कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अमर्याद सत्ता आली. तोवर मुंबईची निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती.

या उपायांची रासायनिक बाजू तपासली असता दोन विसंगती ठळकपणे दिसतात. गंधकाचा धूर काही प्रमाणात तरी परिणामकारक व्हायचा तर खोली पूर्ण बंद हवी. मुंबईच्या चाळीतील खोलीला आणि कौलारू घराला ते शक्यच नव्हते. कौलांच्या फटींतून धूर काही मिनिटांत बाहेर जाई. त्यातच एकीकडे खोली बंद करून वायू भरायचा आणि दुसरीकडे छत उघडे करून वारा घ्यायचा, असे परस्परांना छेद देणारे दोन विचार एकाच वेळी अमलात आणले जात होते. दुसरी विसंगती पाऱ्याच्या क्लोराइडची. कॉख यांच्या स्वच्छ काचपात्रात ते प्रभावी होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडताच मात्र ते शेणातील सेंद्रिय पदार्थांशी बांधले जाई आणि त्याची शक्ती तेथेच संपे. विषारी रसायन घरात आले, पण त्याचे काम झाले नाही.

पुण्यात हीच पद्धत अधिक कठोरपणे राबवली गेली. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांकडून घरझडती घेतली. झडतीमागून शुद्धीकरणाची तुकडी येई. सैनिकांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी, ‘केसरी’तील टीका, २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्या आणि त्यानंतरचा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हा भाग महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात पुरेसा लिहिला गेला आहे. शुद्धीकरणाच्या इतिहासात त्याची नोंद दुसऱ्या कारणासाठी आवश्यक ठरते. देवघर आणि स्वयंपाकघर ही मराठी घरातील सोवळ्याची ठिकाणे. तेथील शुद्धतेची कल्पना कुटुंबाची स्वतःची होती. तिला गोमूत्र, शेण, धूप चालत होते. शासनाची शुद्धता बुटांनिशी आत आली आणि तिने पहिली शुद्धता खणून काढली. लोकांना धुराचे वावडे नव्हते, धुरी त्यांच्या नित्याची होती. वावडे होते ते ती कोण, कोठे आणि कोणाच्या आज्ञेने देतो याचे. हा विरोध केवळ अज्ञानातून आला असे तत्कालीन सरकारी लिखाणात वारंवार सुचवले गेले. वर दिलेल्या विसंगती लक्षात घेता हे मत स्वीकारणे कठीण आहे.

ग्रामीण भागात याच काळात एक वेगळी वहिवाट रूढ झाली. घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून शिवारात, माळावर झोपड्या घालून राहू लागली. सरकारी वैद्यांनाही गाव रिकामे करण्याचा उपाय इतर उपायांपेक्षा अधिक उपयोगी असल्याचे हळूहळू पटले. मोकळ्या हवेमुळे गुण येतो, असे स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाई. हवा पुन्हा एकदा श्रेय घेऊन गेली.

परळच्या पिंजऱ्यांतील गिनीपिग

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये कराची येथे एक साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर यांना जाळीने वेगळे ठेवले. त्यांचा परस्परांशी स्पर्श होणार नाही, पण पिसू पलीकडे जाऊ शकेल अशी योजना केली. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. सिमाँ यांचा हा निष्कर्ष त्या वेळी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने मान्य केला नाही. घराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा तशीच चालू राहिली.

निर्णायक काम मुंबईत झाले. परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेथे ग्लेन लिस्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उंदरांवरील पिसवांचा अभ्यास केला आणि १९०५ मध्ये नेमलेल्या नव्या संशोधन आयोगाने तो पद्धतशीरपणे पुढे नेला. त्याचे अहवाल १९०६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. या प्रयोगांपैकी एक येथे सविस्तर पाहण्यासारखा आहे. प्लेगग्रस्त पिसवा असलेल्या एकाच खोलीत गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवण्यात आले. जमिनीवर किंवा जमिनीपासून दोन इंचांवर असलेले प्राणी प्लेगने मेले. दोन फूट उंचीवर टांगलेले प्राणी जगले. उंदरावरची पिसू सुमारे चार इंचांपर्यंतच उडी मारू शकते, हे त्यामागील कारण. दुसऱ्या प्रयोगात पिसवा नसलेल्या खोलीत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र दाटीने ठेवले, तरी रोग पसरला नाही.

दोन इंचांवरची आणि दोन फुटांवरची हवा एकच होती. दीडशे वर्षांच्या वादात जी तुलना कोणी केली नाही, ती परळच्या या खोलीने केली. न्यूमोनिक प्लेग रुग्णाच्या खोकल्यातून थेट पसरतो, हा अपवाद आहेच. परंतु मुंबई-पुण्यात ज्या गाठीच्या तापाने माणसे मरत होती, तो खोलीच्या हवेत नव्हता. शिवारात गेलेली कुटुंबे वाचत होती ती मोकळ्या वाऱ्यामुळे नव्हे; उंदीर व पिसवा मागे राहिल्यामुळे. जमीन खणून आणि गटारे आम्लाने धुऊन उंदीर शेजारच्या घरांत पळाले असतील, असाही तर्क करता येतो.

येथे इतिहासाने एक मजेदार वळण घेतले. गंधकाचा धूर टाकाऊ ठरला नाही, त्याचे लक्ष्य बदलले. बंद करता येण्याजोग्या जहाजांच्या तळघरांत सल्फर डायऑक्साइड यंत्राने भरून उंदीर व पिसवा मारण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय बंदरांवर रूढ झाली. लिस्टन यांनीही पुढे मुंबईत याच हेतूने हायड्रोसायनिक आम्लाच्या वायूवर काम केले. हा वायू माणसाला तत्काळ मारणारा असल्याने तो हाताळताना पराकाष्ठेची दक्षता घ्यावी लागे. हवेतील न दिसणाऱ्या विषावर सोडलेले बाष्प निष्फळ ठरले होते. बिळातल्या उंदरावर सोडलेले तेच बाष्प प्लेगविरुद्ध उपयोगी पडले.

शिकागोचे प्रयोग

प्लेगनंतर पाश्चात्त्य देशांतही खोली शुद्ध करण्याच्या प्रथेला ओहोटी लागली. फॉर्माल्डिहाइडच्या वायूने १८९० च्या दशकात गंधकाची जागा घेतली होती. घटसर्पाचा किंवा लाल तापाचा रुग्ण बरा झाल्यावर त्याच्या खोलीत तो सोडण्याचा नियम बहुतेक शहरांत होता. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी ही प्रथा आपल्या शहरात बंद केली. रोग त्यामुळे वाढला नाही. संसर्ग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे निकट संपर्काने जातो, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रभावाने पुढची दोन-तीन दशके हवेतून रोग पसरतो हे विधानच मागासलेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता.

तो परत आणण्याचे काम विल्यम वेल्स यांनी केले. खोकल्यातून उडालेले लहान थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच वाळतात आणि त्यांचे सूक्ष्म अवशेष दीर्घकाळ हवेत तरंगत राहतात, असे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. म्हणजे काही रोगांच्या बाबतीत तरी हवा निर्दोष नव्हती. याच पार्श्वभूमीवर शिकागो विद्यापीठातील ओस्वाल्ड रॉबर्टसन यांचे प्रयोग झाले. रॉबर्टसन यांनी पहिल्या महायुद्धात रक्त साठवून ठेवण्याची पद्धत आघाडीवर प्रत्यक्षात आणली होती. १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोपिलीन ग्लायकॉलचे बाष्प तपासले. बंद पेटीत इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा फवारा सोडला असता साध्या हवेतील छोटे पांढरे उंदीर मेले. ज्या पेटीत हे बाष्प अत्यल्प प्रमाणात होते तेथील उंदीर निरोगी राहिले. हवेत तरंगणाऱ्या थेंबावर बाष्प सांद्रित होऊन त्यातील ग्लायकॉलचे प्रमाण झपाट्याने वाढते, अशी त्यामागची यंत्रणा होती. नंतर आढळलेले ट्रायएथिलीन ग्लायकॉल याहूनही कमी मात्रेत काम करी. या बाष्पांना वास जवळजवळ नव्हता, ती डोळ्यांना किंवा घशाला झोंबत नव्हती. कार्मायकल स्मिथ यांनी ‘युनियन’ जहाजावर ज्याचा दावा केला होता, ते माणसे आत असतानाच वापरता येणारे बाष्प अखेर सापडले होते, आणि या वेळी तुलनेसाठी शेजारी दुसरी पेटीही होती.

तरी पेटीतील यश बराकीत उतरले नाही. लहान मुलांच्या रुग्णकक्षांत आशादायक परिणाम दिसले. लष्करी छावण्यांत ते माफक होते. हवा फार कोरडी किंवा फार दमट असली की बाष्पाचा प्रभाव घटे. अंथरुणे झटकताना उडणाऱ्या धुळीतील वाळलेल्या जंतूंवर ते फारसे चालत नसे. शिवाय बराकीत शुद्ध हवा घेणारा सैनिक भोजनगृहात आणि कवायतीच्या मैदानावर इतरांत मिसळत असे. युद्धानंतर प्रतिजैविके आणि लसी आल्या आणि हा विषय मागे पडला.

कोविड-१९ आणि जुने प्रश्न

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ भारतात पसरू लागली तेव्हा अनेक शहरांत रस्त्यांवर क्लोरीनयुक्त द्रावणाचे फवारे मारले गेले. कार्यालयांच्या आणि बाजारांच्या दारांत निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहिले. उत्तर प्रदेशात बरेली येथे परतलेल्या स्थलांतरित मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर असे द्रावण फवारण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये माणसांवर फवारणी करू नये असे स्पष्ट केले. पुढच्या महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही बंद जागांत सरसकट रासायनिक फवारणी वा धूर सोडू नये, असा सल्ला दिला. विशेष म्हणजे प्लेगच्या उलट हा रोग खरोखरच बंद खोलीच्या हवेतून पसरत होता, आणि ही गोष्ट अधिकृतपणे मान्य होण्यास बराच काळ लागला. तोवर रसायन रस्त्यांवर, दारांच्या कड्यांवर आणि मजुरांच्या पाठीवर पडत राहिले.

रॉबर्टसन यांचे बाष्पही या साथीत पुन्हा बाहेर आले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जॉर्जिया आणि टेनेसी या दोन राज्यांना ट्रायएथिलीन ग्लायकॉलचे बाष्प हवेत सोडण्याची तात्पुरती, आणीबाणीपुरती परवानगी दिली. जेथे माणसांना परस्परांपासून अंतर राखणे अवघड आहे अशा ठरावीक बंदिस्त जागांपुरतीच ती होती, आणि मुखपट्टी व इतर खबरदारीच्या जोडीनेच हे बाष्प वापरावे अशी अट तिला होती.